दोन दाढांच्या मध्ये

बायकोच्या दाढेचं माप हातात आलं तेव्हा त्याला आधी गंमतच वाटली. सगळी हयात लोकांचे दात करण्यात चालली होती, पण घरच्या माणसाचं तोंड असं उलटं होऊन आपल्या टेबलावर येईल हे कधी मनात आलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडात गुलाबी लगद्याचा ट्रे दाबतात, लगदा घट्ट झाला की ओढून काढतात, धुतात आणि ओल्या कागदात गुंडाळून लॅबकडे पाठवतात. इथे त्यात प्लास्टर ओतलं की झाला माणसाचा जबडा तयार. मग त्यावर कॅप करा, कवळी करा, काय हवं ते करा. बायकोची उजवीकडची दाढ गेल्या आठवड्यात तुटली होती. डाळीत खडा आला, असं ती म्हणाली होती. प्लास्टर कालवायच्या आधी त्याने सवयीने माप दिव्याखाली धरलं, डोळ्याला भिंग लावलं, आणि मागच्या दोन दाढांच्या फटीत लगद्याबरोबर निघून आलेला एक धागा त्याला दिसला. असलं काहीबाही मापात येतंच. कुणाचा पालक येतो, कुणाचे तीळ येतात. लोक तोंड न धुता डॉक्टरकडे जातात आणि त्यांचं कालचं जेवण याच्या टेबलावर येऊन पडतं. त्याने चिमट्याने धागा सोडवला आणि काचेवर ठेवला. तपकिरी होता. सुईच्या टोकाने ओढला तर उभा चिरला. पाल्याचा दोर असा चिरत नाही, तो पाणी सोडतो आणि तुटतो. हा मात्र चिरला, आणि चिरून त्याचे आणखी बारीक धागे झाले. त्याने पुन्हा बघितलं, भिंग पुसून पुन्हा बघितलं. छे, शंकाच नको. ते मांस होतं.

आता हे दुसऱ्या कुणाच्या मापात निघालं असतं तर त्याने ते फुंकरीने उडवलं असतं. पण ही बाई! हिच्या माहेरी अंडंसुद्धा उंबरठ्याच्या आत येत नसे. लग्न ठरलं तेव्हा हिने एकच अट घातली होती, तुम्ही बाहेर काय हवं ते खा, मला शिजवायला सांगू नका. त्यानेही ते पाळलं. आईच्या घरी जाऊन खायचा, खानावळीत खायचा आणि घरी येताना चूळ भरून यायचा. आणि पुढे त्याने स्वतःच सोडलं, अगदी मुळापासून सोडलं, तेव्हा ती नुसती हसली. तो रोज जेवताना तिला सगळं समजावून सांगायचा. माणसाचं आतडं किती लांब असतं, वाघाचं किती आखूड असतं. आपला जबडा आडवा फिरतो, दळणाऱ्या जात्यासारखा, मांस फाडणाऱ्याचा तसा फिरत नाही. आणि सुळे म्हणजे काय हो, नावाला सुळे! त्याने आयुष्यात किती सुळे मेणात कोरले असतील, एकाही माणसाच्या सुळ्याने सशाचं कातडंसुद्धा फाटलं नसतं. शरीर झाडपाल्यासाठीच घडलंय, बाकी सगळी जिभेची थेरं. ती ताटात भाजी वाढता वाढता म्हणायची, "मी जन्मभर हेच खातेय. मला कुणी हार नाही घातला." आणि तो म्हणायचा, अगं, पण तू न कळता खाल्लंस, मी कळून खातोय. आता त्या धाग्याकडे बघताना त्याला ते तिचं हसणं आठवलं, आणि पहिल्यांदाच त्या हसण्याचा अर्थ काय असेल, अशी शंका त्याच्या मनात आली.

त्याने धागा कागदाच्या पुडीत घातला आणि पुडी खिशात ठेवली. समोर प्लास्टरच्या टेबलावर जाड्या काम करत होता. जाड्या नुसता नावालाच जाड्या राहिला होता. याचं ऐकून त्यानेही मटण-मासे सोडले होते, गेल्या पावसाळ्यापासून तो पाल्यावर होता, आणि त्याचे गाल आत गेले होते. "महाराज," जाड्या म्हणाला. लॅबमध्ये सगळे याला महाराज म्हणत, अर्धी थट्टा आणि अर्धा आदर. "वहिनींचं ते हिरवं सूप आमच्याकडे होत नाही हो. बायकोने तुम्ही सांगितलं तसंच केलं, पालक, दुधी, मिरं. नुसतं पाणी लागतं. तुमच्यासारखं अंगाला लागत नाही." एरवी याने त्याला पालक आधी वाफवायचा की नंतर, हे मोठ्या कौतुकाने सांगितलं असतं. आज तो म्हणाला, "श्रद्धा कमी पडत असेल," आणि ते वाक्य त्याचं त्यालाच वाह्यात वाटलं. जाड्या मान खाली घालून प्लास्टर कालवत राहिला. कालवताना त्याचा हात मध्येच थांबत होता, जसा तेव्हा याचा थांबायचा.

तेव्हा म्हणजे वडील गेल्यानंतरच्या वर्षात. वडील म्हणजे खाणारा माणूस. हाडाची नळी तोंडाशी धरून आतला गर ओढून घ्यायचे आणि तो आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा. त्यांचे दात गेले तेव्हा यानेच त्यांची कवळी केली, वरची आणि खालची, आणि ती घालून त्यांनी पहिल्याच दिवशी मटण खाऊन दाखवलं. "माझ्या पोराने दात दिले," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि कवळी बाहेर काढून दाखवायचे, पाहुण्यांची तोंडं वाकडी व्हायची. मग त्यांच्या आतड्याचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं आणि त्यातून ते उठले नाहीत. सर्जनने मांसाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. वय झालं होतं, एवढंच म्हणाले. पण याला ते पटलं नाही. याला कधीच कुणाचं पटकन पटत नसे. दुकानदार मोड देतो तीसुद्धा हा दोनदा बघायचा. कुणीतरी काहीतरी लपवतंय, असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं. त्याने पुस्तकं आणली, जबड्यांची चित्रं बघितली, आणि एका संध्याकाळी जाहीर केलं की वडिलांना त्यांच्या जेवणाने खाल्लं, आपलं शरीर त्यासाठी नाहीच. नुसतं मांस सोडून तो थांबला नाही. दूध वासराचं, म्हणून दूध सोडलं. डाळ शिजवावी लागते, म्हणून डाळ सोडली. राहिली फळं आणि कच्चा पाला. आणि मग एका दुपारी लॅबमध्ये मेण वितळवता वितळवता तो खाली कोसळला.

घराजवळच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि सरळ त्याच्या तोंडावर सांगितलं, पाल्यावर माणूस जगतो हो, तुमची मिसेस जगतेच आहे, पण ती डाळ खाते, दूध पिते. तुम्ही उपास करताय आणि त्याला विज्ञान म्हणताय. ह्यांच्या अंगाला लहानपणापासून जे लागत आलंय ते द्या, असं ते बायकोकडे वळून म्हणाले होते. तो खाटेवरून हसला होता. औषध कंपन्यांची माणसं, दुसरं काय सांगणार! पण पायात बळ नव्हतं म्हणून त्याने एक सूट दिली, शिजवलेलं चालेल. तेव्हापासून बायको रोज संध्याकाळी ते हिरवं सूप द्यायला लागली. दाट, गरम, चांगलं वाडगाभर. महिन्याभरात त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. जिने चढताना धाप लागेना. दोन वर्षांत त्याची तब्येत अशी सुधारली की लोक विचारायला लागले, काय खाता हो तुम्ही? येत्या रविवारी तर एका मंडळाने त्याला बोलावलं होतं, हॉलमध्ये, माईक वगैरे लावून. विषय त्यानेच दिला होता, माणसाचं शरीर आणि त्याचं खरं अन्न. भाषण लिहायची गरजच नव्हती. नुसतं उभं राहायचं आणि म्हणायचं, मी स्वतः पुरावा आहे, बघा. आणि आता याच पुराव्याची बायको कुठेतरी बाहेर जाऊन मांस खात होती.

घरी आल्यावर तो मूग गिळून बसला आणि बघत राहिला. बायको दमलेली दिसत होती. दाढ तुटल्यामुळे डावीकडून चावत होती. "तू घेत नाहीस का सूप?" त्याने विचारलं. "मला नको. मला आज भूकच नाही." तिला हल्ली रोजच भूक नसायची. दोन घास खाऊन ती ताट सारायची. इतके दिवस त्याला वाटायचं, वय होतंय. आता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, बाहेर पोटभर खाऊन आलेल्या माणसाला भूक कुठून लागणार? ती हात धुवायला उठली तसा तो तिच्या मागे उभा राहिला आणि त्याने तिच्या खांद्याशी नाक नेलं. काही उपयोग नव्हता. लॅबमधल्या त्या कवळ्यांच्या रसायनाने त्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं, आता ते नाक चष्मा ठेवण्यापुरतंच. जिभेवरही फारसं काही उरलं नव्हतं. एक खारट तेवढं नीट कळायचं, आणि म्हणूनच जेवणात मीठ कमी पडलं की तो घर डोक्यावर घ्यायचा, कारण त्याच्या जेवणात चव म्हणून तेवढीच होती. "काय हुंगताय?" ती दचकून म्हणाली. "काही नाही." "शाळकरी पोरासारखं काय चालवलंय?" असं म्हणत ती हसली, पण लगेच बाजूला सरकली. ती सरकली, हे त्याने मनात नोंदवून ठेवलं.

एकदा शंका आली की माणसाला सगळीकडे पुरावेच दिसायला लागतात. ओट्यावर लिंबं होती. इतकी लिंबं या घरात कशाला लागतात? "भांड्यांना," ती म्हणाली. बोटांना नाही लागत? तो मनात म्हणाला. बोटांचा वास घालवायला लिंबाइतकं दुसरं काही नाही, हे त्याला त्याच्या जुन्या दिवसांपासून ठाऊक होतं. कचऱ्याची पिशवी ती स्वतःच खाली नेऊन टाकायची, त्याला कधी हात लावू द्यायची नाही. आणि तिचा ब्रश! संध्याकाळी तो घरी येऊन तोंड धुवायचा तेव्हा तिचा ब्रश ओला असायचा. दुपारी दात घासणारी बाई कुणी बघितली आहे का? जिच्या तोंडात लपवण्यासारखं काही आहे, तीच घासेल. त्याने फ्रीजर उघडून बघितला. वर मटार, खाली हिरव्या वाटणाचे डबे, आणि सगळं इतकं स्वच्छ की त्या स्वच्छतेचाच त्याला संशय आला. मग प्रश्न आला, एकटी खाते की कुणाबरोबर? मांस एकट्याने खायची गोष्ट नाही, असं त्याला वाटत असे. वडील कधी एकटे जेवले नाहीत, चार माणसं जमवल्याशिवाय त्यांना घास जात नसे. कुणीतरी तिच्यासमोर बसलेला असणार. त्या माणसाला तोंड नव्हतं, पण दात होते, चांगले मजबूत, एकही कॅप नसलेले. तो तिला म्हणत असणार, घे गं, आणखी घे, तुझा नवरा काय तुला गवत चारतो? आणि ती हसत असणार, तेच हसू. रात्रभर त्याने दातओठ खाल्ले. शेजारी ती शांत झोपली होती. तोंड किंचित उघडं होतं, तुटलेल्या दाढेची जागा काळी दिसत होती, आणि आपल्याला राग आलाय की भीती वाटतेय, हे त्याचं त्यालाच कळेना. ती गेली तर? एवढंच त्याला परत परत सुचत होतं. त्याच्या घरात दुसरं होतंच कोण?

दुसऱ्या दिवशी कॅप तयार झाली. ती त्याने इतकी नीट केली की जाड्या म्हणाला, "बायकोची म्हणून एवढं पॉलिश?" तो म्हणाला, "हो." खरं तर कॅप हातात धरून तो विचार करत होता की आपण आपल्याच हाताने हिला चावायला दात करून देतोय, आणि ही चावणार काय? डॉक्टरीणबाईंना फोन करून त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, दाढ कशाने तुटली असेल हो, खड्याने? बाई म्हणाल्या, "खडा असेल, हाडाची कपची असेल, कठीण काहीतरी. तुमच्याकडे हाड कुठून येणार म्हणा!" आणि त्या हसल्या. त्याने फोन ठेवला. "मी जरा जाऊन येतो," तो जाड्याला म्हणाला. आजवर कामाच्या मधून तो कधी उठला नव्हता. रस्ताभर त्याने मनात वाक्यं जुळवली. पुडी टेबलावर टाकायची आणि विचारायचं, हे काय आहे? नाही, आधी विचारायचं आणि मग पुडी. तिने नाकारलं पाहिजे, म्हणजे मग पुडी. जिना चढताना त्याला जाणवलं की आपल्याला धाप लागत नाहीये. एवढ्या संतापातही त्याला त्याचा अभिमान वाटला. बघा, दोन वर्षं नुसत्या पाल्यावर!

त्याने किल्ली आवाज न करता फिरवली. आत रस्त्याचा गोंगाट येत होता, त्यामुळे दार वाजलं असतं तरी ऐकू गेलं नसतं. दुसऱ्या कुणाची चप्पल नव्हती. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं आणि खिडकी सताड उघडी. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. पदर तिने नाकातोंडावरून घट्ट बांधला होता, पुस्तकं झटकताना बांधतात तसा. शेगडीवर एक लहान पातेलं होतं, त्याने घरात कधी न बघितलेलं. त्यातून तिने चिमट्याने एक हाड काढलं, हात लांब करून, मान वळवून, आणि कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. मग उरलेलं मऊ शिजलेलं मांस तिने मिक्सरमध्ये ओतलं. त्यात पालक घातला, दुधी घातला, मिरं घातलं. मिक्सर फिरला. झाकण काढलं तेव्हा आत सगळं हिरवंगार होतं, दाट. त्याला चांगलंच ओळखीचं होतं ते. रोज संध्याकाळी ते त्याच्या वाडग्यात असायचं.

तो दाराशी खिळून उभा राहिला. तिने सूप पातेल्यात घेतलं, मीठ घातलं, ढवळलं. मग पदर खाली केला, डोळे मिटले, आणि लहान मूल औषध घेतं तसा चमचा तोंडात घातला. तिचा गळा हलला, मग पुन्हा हलला, आणि खांदे वर आले. ती बेसिनकडे धावली, वाकली, चूळ भरली, परत भरली. लिंबाची फोड घेऊन तिने जीभ चोळली. नळाशी ठेवलेला ब्रश उचलला आणि दात घासले. मग परत येऊन तिने पातेल्यात चिमूटभर मीठ आणखी टाकलं, कारण त्याला मीठ कमी चालत नसे.

खिशातली पुडी त्याच्या बोटांना लागली. तो बिनतोंडाचा मजबूत दातांचा माणूस कुठे गेला, तो त्याला शोधूनही सापडेना. त्याच्या अंगावरचं मांस, गालावरचा रंग, जिना चढणारे पाय, हे सगळं हिच्या या ओट्यावरून आलं होतं. जन्मात जिने मांस शिजवलं नाही, नवरा खात होता तेव्हाही शिजवलं नाही, तिने तो सोडून बसल्यावर ते हातात धरलं. चव घेतली ती केवळ त्याच्या मिठासाठी, आणि त्यातच कधीतरी हाडाची कपची दाढेखाली आली असणार, तो धागा फटीत अडकला असणार. आणि वर रोज रात्री समोर बसून त्याच्या आतड्याची लांबी ऐकून घेतली. त्याला एकदम जाड्याचे गाल आठवले, प्लास्टर कालवताना थांबणारा हात आठवला, आणि आपण काल त्याला काय म्हणालो ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं शरीर कशासाठी घडलंय, हे त्याला आता अजिबात सांगता आलं नसतं. तिचं झाडपाल्यासाठी घडलं होतं, एवढं त्याने या क्षणी डोळ्यांनी बघितलं होतं.

ती वळली आणि तिने त्याला बघितलं. हातातला चमचा तसाच राहिला. "अहो," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "तुम्ही कधी आलात?"

"मघाशी."

"म्हणजे तुम्ही..." तिने पातेल्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तुम्ही पडला होतात ना तेव्हा. मी किती घाबरले होते! डॉक्टर म्हणाले, आणि तुम्ही ऐकेनात. डाळसुद्धा घेईनात. मग मला दुसरं काही सुचलंच नाही. नंतर तुम्ही इतके खूश झालात, सगळ्यांना सांगत सुटलात, मग सांगू तरी कसं?" तिचे डोळे भरून आले. "रविवारी तुमचं भाषण आहे."

"रविवारचं राहू दे," तो म्हणाला. "आधी जाड्याला सांगायला पाहिजे. त्याला आजच सांगतो."

तिला काय करावं कळेना, तेव्हा तिने हाताला सवयीचं होतं तेच केलं. पातेलं एकदा ढवळलं, चमचा भरला, डोळे मिटून घेतले आणि तोंडाजवळ नेला. त्याने पुढे होऊन तिचं मनगट धरलं.

"आण इकडे," तो म्हणाला. "मीठ मी बघतो."